टाच का उचलली? 'टिपटो' हा शब्द वापरायला शिकताना

गेल्या वर्षी अकरावीच्या वर्गात भाषांतरासाठी एक छोटा इंग्रजी उतारा दिला होता. त्यात वाक्य होतं, 'ही टिपटोड पास्ट हिज स्लीपिंग मदर.' आई तापानं फणफणून नुकतीच झोपलेली आणि मुलगा तिच्याजवळून जातो, एवढाच प्रसंग. मागच्या बाकावरच्या एकानं लिहिलं, 'तो झोपलेल्या आईजवळून चोरपावलांनी निघून गेला.' शब्दकोश बघून लिहिलेलं होतं, त्यामुळं एकदम चूक म्हणायची सोय नव्हती. पण त्यानं वाचून दाखवलं तशी पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, आई तापानं पडलीय अन् हा चोरावानी कुठं पळायलाय?"

वर्ग हसला, मीही हसलो. पण तिनं नेमकी खोट पकडली होती. मूळ वाक्यातला पोरगा आईची झोप मोडू नये म्हणून जपून चालला होता. मराठीत येता येता त्याचा चोर झाला.

तेव्हापासून मी 'टिपटो' हा इंग्रजी शब्द, म्हणजे टाचा उचलून चवड्यांवर चालणं, शिकवायची पद्धत बदलली. फळ्यावर अर्थांची यादी लिहून देत नाही. एकच प्रश्न विचारायला लावतो: टाच का उचलली? उंच व्हायला, आवाज होऊ नये म्हणून, की कुणाचं मन दुखू नये म्हणून? या शब्दाचे झाडून सगळे उपयोग त्या उचललेल्या टाचेतून निघालेत. मी अंबाजोगाईला शिकवतो. समोरची पोरं आसपासच्या खेड्यांतून एसटीनं येतात, त्यामुळं पुढची उदाहरणंही तिकडचीच आहेत.

आधी उठा आणि चालून बघा

हे खरंच करायचं आहे. चपला काढा आणि घरातल्या शहाबादी फरशीवर चार पावलं नेहमीसारखी चाला. टाच आधी टेकते, पाय गुडघ्यात जवळजवळ सरळ असतो आणि अंगाचा भार हाडाहाडांतून थेट खाली जातो. म्हणून तो धप् असा आवाज येतो. माळवदाच्या घरात वर कुणी असं चाललं की खालच्या खोलीत माती झडते, हे जुन्या वाड्यात राहिलेल्यांना सांगायला नको.

आता टाचा उचला. भार पायाच्या पुढच्या भागावर, म्हणजे चवड्यावर आला. घोटा वाकतो, पोटरी ताणली जाते आणि स्प्रिंगसारखी तो भार हळूहळू झेलते. आवाज विरतो. मात्र तोल डळमळतो, म्हणून हात आपोआप बाजूला पसरतात आणि खांदे वर येतात. इंग्रजी चित्रकथांमध्ये कुणी 'टिपटो' करत असलं की नेमकं हेच चित्र काढतात. हात पंखासारखे, पाठ थोडी वाकलेली, पाऊल हवेत.

इथंच शब्दाची फोड करून टाकू. 'टिप' म्हणजे टोक आणि 'टो' म्हणजे पायाचं बोट. शब्दशः घेतलं तर पायाच्या बोटांची टोकं. पण बोटांच्या टोकांवर माणूस चालत नाही, बॅले नाचणाऱ्या बायका त्यासाठी खास बूट घालून वर्षानुवर्षं मेहनत घेतात. बाकी सगळे चवड्यावरच चालतात. म्हणजे या बाबतीत आपला 'चवड्यांवर चालणे' हा शब्दप्रयोग इंग्रजीपेक्षा जास्त चोख आहे. अक्षरशः बोटांच्या टोकांवर चालणारा प्राणी बघायचा असेल तर गोठ्यात जा. बैलाचा खूर म्हणजे त्याच्या बोटांचं नख. लाल कंधारी असो की देवणी, तो जन्मभर नखांवर उभा असतो. तरी कुठलाही इंग्रज बैलाबद्दल 'टिपटो' म्हणणार नाही, कारण बैल काही लपवत नाही आणि कुणाची झोपही जपत नाही. मांजर, कुत्रं आणि पक्षी बोटांवर चालतात. हिवाळ्यात पैठणच्या नाथसागरावर येणाऱ्या रोहित पक्ष्याचा उलटा वाकलेला 'गुडघा' दिसतो ना, तो खरा त्याचा घोटा. टाच तिथं वर असते आणि चालताना ती जमिनीला लागत नाही.

एक गोष्ट मात्र पुस्तकात नसते. माझ्या वहिनी लग्न होऊन घरात आल्या तेव्हाचे दिवस. दुपारी सगळे ओसरीवर आडवे झालेले असायचे आणि त्या चवड्यांवर चालत स्वयंपाकघरात जायच्या. तरी टिक्, टिक्, टिक् ऐकू यायचं. जोडवी! टाच उचलली की भार पुढच्या बोटांवर येतो आणि जोडवी नेमकी तिथंच असतात. शेवटी त्यांनी टाच टेकवून, पाय घासत चालायला सुरुवात केली, तेव्हा कुठं आवाज थांबला. थोडक्यात, 'टिपटो'चा अर्थ 'आवाज न करता चालणे' असा पाठ करू नका. टाच उचलून चालणे हा अर्थ आहे. शांतता हा त्यामागचा हेतू, आणि तो दर वेळी साधतोच असं नाही.

उच्चार आणि स्पेलिंग

आपली पोरं 'टि-प-टो' असं तीन तुकड्यांत म्हणतात. ते दोनच आहेत, 'टिप्' आणि 'टो'. जोर पहिल्यावर. 'प'ला ओठ मिटायचे पण उघडून आवाज काढायचा नाही, तसंच 'टो'कडे जायचं. 'चिपटं' म्हणताना ओठ जसे मिटतात, जवळपास तसंच.

स्पेलिंग टी-आय-पी, टी-ओ-ई. जुन्या पुस्तकांत मधे आडवी रेघ दिसते, आता शब्द जोडूनच लिहितात. शेवटचा 'ओ-ई' पाहून 'शू'सारखा 'टू' असा उच्चार करायचा मोह होतो, कारण बुटाच्या स्पेलिंगलाही शेवटी 'ओ-ई'च आहे. पण बूट हा अपवाद. 'टो' हा 'गो', 'नो'च्या चालीवर.

आता मुलं हमखास गुण घालवतात ती जागा. 'आयएनजी' लावताना शेवटचा 'ई' काढायचा असतो, हा नियम सगळ्यांनी घोकलेला असतो. 'मेक'चं 'मेकिंग' होताना 'ई' जातो. पण 'टिपटोइंग' लिहिताना 'ई' जात नाही. टी-आय-पी-टी-ओ-ई-आय-एन-जी असंच. लक्षात ठेवायला मी शेतातला शब्द देतो. खुरपणी-कोळपणीला इंग्रजीत 'हो' हा शब्द आहे, एच-ओ-ई. त्याचं 'होइंग' करतानाही 'ई' शाबूत राहतो. कोळपणी चालू असताना 'ई' उपटायचा नाही, तण तेवढं उपटायचं. हा विनोद फार बरा नाही, पण एकदा सांगितला की पोरं ती चूक पुन्हा करत नाहीत. भूतकाळात फक्त 'डी' लावा, 'टिपटोड' होतं. तो, ती किंवा कुणी एकटा असेल तर वर्तमानकाळात 'एस', म्हणजे 'टिपटोज'.

नाम म्हणून: 'ऑन टिपटो'

शब्द जुना आहे, चौदाव्या शतकातल्या इंग्रजीत तो नाम म्हणून आढळतो. क्रियापद म्हणून वापर पुढं सतराव्या शतकात रुळला. शिकतानाही हाच क्रम बरा.

नाम म्हणून तो बहुतेक वेळा 'ऑन'च्या मागं येतो. 'शी स्टुड ऑन टिपटो.' ती चवड्यांवर उभी राहिली. इथं 'अ' किंवा 'द' लावायचं नाही. 'ऑन द टिपटो' हे आपल्याकडच्या उत्तरपत्रिकांत दर वर्षी भेटतं आणि दर वर्षी लाल शाई खातं. अनेकवचनीही चालतं, 'ऑन टिपटोज', आणि कुणाच्या पायांचं ते सांगायचं असेल तर 'ऑन हर टिपटोज'. तिन्ही बरोबर.

या रूपात शांततेचा संबंध असेलच असं नाही, बहुतेकदा उंचीचा असतो. फळीवरचा डबा काढणं, यात्रेत पालखी दिसावी म्हणून टाचा उंचावणं, खिडकीतून आत डोकावणं. टाच का उचलली? उंच व्हायला. मग मराठीत 'टाचा उंचावून', 'चवड्यांवर उभं राहून' असं लिहा. 'दबक्या पावलांनी' इथं आणलं तर वाक्याची वाट लागते. एकानं लिहिलं होतं, 'तिनं दबक्या पावलांनी लोणच्याची बरणी काढली.' आता ती लोणचं चोरत होती की काय, कोण जाणे.

उत्सुकतेचा अर्थही इथूनच येतो. गर्दीतला माणूस काही बघायला टाचा उंचावतो, म्हणून 'टू बी ऑन टिपटो' म्हणजे कशाची तरी आतुरतेनं वाट बघणं. हा वापर आता जरा पुस्तकी झालाय. वाचताना ओळखू आला म्हणजे पुरे, बोलताना वापरायची गरज नाही.

लहान मुलांशी बोलताना 'टिपी टोज' असंही म्हणतात, आपण 'पाया'चं 'पाऊ' करतो त्या जातीचं. परीक्षेत लिहू नका. आणि 'टो वॉकिंग' हा शब्द दिसला तर तो डॉक्टरांचा. नुकतं चालायला लागलेलं मूल काही काळ चवड्यांवर चालतं, त्यात विशेष काही नाही. वयाची दोन-तीन वर्षं उलटल्यावरही ते तसंच चालत राहिलं तर डॉक्टरांना दाखवावं, त्या सवयीचं ते नाव.

क्रियापद: खरं काम इथं आहे

'टिपटो' क्रियापद झालं की ते एकटं राहत नाही, दिशा दाखवणारा एखादा शब्द जोडीला घेतं. चूक तिथंच होते. आपण 'खोलीत', 'खोलीतून', 'खोलीजवळून' असे प्रत्यय लावतो, त्यांच्या जागी इंग्रजीत सुटा शब्द येतो. घराचा नकाशा डोळ्यापुढं आणून बघू या.

उन्हाळ्याची दुपार. मांजरेच्या काठचं आमचं जुनं घर. बाहेर ऊन एवढं की कुत्रीही रांजणाखाली जाऊन पडलेली. आजी ओसरीवर, आजोबा खाटेवर, चुलत भावाचं तान्हं झोळीत. मी आठ-नऊ वर्षांचा. मागच्या खोलीत आढीला घातलेले आंबे, आणि मला तिथं जायचंय.

अंगणातून ओसरीवर चढलो: 'आय टिपटोड अप द स्टेप्स.' ओसरी ओलांडली: 'अक्रॉस द व्हरांडा.' आजीच्या जवळून गेलो: 'पास्ट माय ग्रँडमदर.' खोलीत शिरलो: 'इन्टू द रूम.' झोळीपाशी थांबून बाळ झोपलंय ना ते बघितलं: 'अप टू द क्रेडल.' आंबा घेऊन बाहेर आलो: 'आउट ऑफ द रूम.' क्रियापद सगळीकडं तेच, फक्त पुढचा छोटा शब्द बदलत गेला. स्वतःच्या घराचा असा नकाशा मनात धरून एकदा चालून बघा, हे सगळे शब्द एका दुपारीत पाठ होतात. ज्यांच्या घरी दुपारी कुणी झोपत नाही त्यांनी तालुक्याची अभ्यासिका घ्यावी. नीटच्या तयारीला बसलेली पोरं, वर गरगरणारा पंखा, आणि उशिरा आलेला एक जण खुर्च्यांच्या रांगेतून आपल्या जागेकडं निघालाय. 'बिट्वीन द रोज' हा आणखी एक तुकडा तिथं मिळेल.

त्या दुपारी पुढं काय झालं तेही सांगतो. परत येताना आजीच्या उशापाशी पोचलो आणि तिनं डोळे न उघडताच विचारलं, "चोरावानी काय चालायलास रं? आंबा पायजे तर माग की." माझी पावलं वाजलीच नव्हती. आंब्याच्या वासानं घात केला.

इथं भाषेचा एक बारीक मुद्दा दडलाय. आजीला मी चोर वाटलो, पण इंग्रजीत हा प्रसंग लिहिताना 'टिपटोड' लिहिलं तर वाचणाऱ्याला नुसतं एवढंच कळतं की पोरगा जपून चालला होता. चोरी कळवायची असेल तर दुसरं क्रियापद लागतं. त्याकडं येऊच, त्याआधी या शब्दाचा सगळ्यात उपयोगी अर्थ बघू.

'टिपटो अराउंड': बोलताना उचललेली टाच

गेल्या पावसाळ्यात मामाच्या घरी गेलो होतो. अतिवृष्टीत त्यांचं काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात बुडून गेलं होतं. शेंगांना जागेवर कोंब फुटलेले. चहाला सात-आठ माणसं बसलेली. कुणी क्रिकेट काढलं, कुणी कुणाच्या पोरीचं लग्न, कुणी बीड-परळी रेल्वेचं. मामा कपातल्या चहाकडं बघत बसलेले आणि सोयाबीन हा शब्द कुणाच्याही तोंडून बाहेर येत नव्हता. धाकटा मावसभाऊ नुसतं "यंदा भाव..." म्हणाला आणि मावशीनं त्याच्याकडं अशा नजरेनं पाहिलं की त्यानं बिस्किट तोंडात कोंबलं.

हे इंग्रजीत एका ओळीत मावतं: 'एव्हरीवन वॉज टिपटोइंग अराउंड द सोयाबीन.' विषय मधोमध झोपलेला आहे आणि सगळे त्याच्या भोवतीनं चवड्यांवर चालताहेत, जागा झाला तर रडेल म्हणून. 'अराउंड' म्हणजे भोवतीनं, वळसा घालून. हा शब्द इथं लागतोच, तो काढला की वाक्यच बसतं. पुढं विषय येऊ शकतो ('द इश्यू', 'द सब्जेक्ट', 'द ट्रूथ') किंवा थेट माणूस. तापट साहेबाबद्दल कारकून म्हणेल, 'वुई ऑल टिपटो अराउंड हिम.' आणि कंटाळलेला आजारी माणूस घरच्यांना म्हणेल, 'स्टॉप टिपटोइंग अराउंड मी', म्हणजे माझ्याशी एवढं जपून जपून वागू नका, सरळ बोला.

मराठीत याला एकच शब्द शोधू नका. मी विद्यार्थ्यांना चार-पाच वाक्प्रचार शेजारी मांडायला सांगतो आणि प्रसंगाप्रमाणं निवडायला लावतो. 'विषयाला बगल देणे' यात माणूस विषय टाळून सटकतो, त्यात समोरच्याची काळजी नसते. पुढारी बगल देतात, मावशी बगल देत नव्हती. 'ताकाला जाऊन भांडं लपवणे' यात स्वतःचं काम सांगायचा संकोच आहे, म्हणजे लाज आपली आहे, दुःख समोरच्याचं नाही. 'आडून आडून विचारणे' यात काहीतरी काढून घ्यायचंय. राहिलं 'जपून बोलणे', 'तो विषय न काढणे', 'कुणाच्या मनाला न लागेल असं बोलणे'. मामाच्या घरच्या प्रसंगाला हे चपखल. साहेबाच्या बाबतीत मात्र 'त्यांच्यापुढं सगळे दबकून असतात' हेच बरं, कारण तिथं टाच मायेनं उचललेली नाही, भीतीनं उचललीय.

एक सावधगिरी. इंग्रजी वर्तमानपत्रांत हा वापर बहुतेक वेळा टीकेच्या सुरात असतो. 'सरकारनं या प्रश्नाभोवती टिपटो केलं' म्हणजे धीटपणे बोलायला हवं होतं ते बोलले नाहीत. तिथं 'बगल दिली' अगदी बरोबर बसतं. म्हणून आधी टाचेचं कारण, मग शब्द.

शेजारची क्रियापदं

इंग्रजीत हळू चालण्याला शब्दांचा भरणा आहे, सगळे इथं घेत नाही. रोज लागतात तेवढे.

'स्नीक' मध्ये चोरटेपणा आहे. आजीला मी जसा दिसलो तो हा शब्द. 'ही स्नीक्ड इन्टू द रूम.' अमेरिकेत भूतकाळाला 'स्नक' असंही म्हणतात. 'चोरपावलांनी' ही याची खरी जोडी, 'टिपटो'ची नव्हे.

'क्रीप' मध्ये संथपणा जास्त, आणि थोडी भीतीही. भूतकाळ 'क्रेप्ट'. अंधारात कुणी दारापर्यंत सरकत आलं तर हा वापरा. हा माणसापुरता राहत नाही. धुकं, पाणी, कर्जाचं व्याज, सगळं 'क्रीप' करतं. 'टिपटो' करायला पाय लागतात.

'पॅड' मला स्वतःला फार आवडतो. मऊ तळव्यांनी, अनवाणी, आपल्याच तालात चालणं. मांजर चालतं ते 'पॅड', आणि पहाटे उठून आई अनवाणी पायांनी चुलीकडं जायची तेही 'पॅड'. यात लपवण्याचा किंवा जपण्याचा हेतूच नाही, पावलंच मऊ आहेत. म्हणून मांजराला 'टिपटो' लावताना विचार करा. मांजर मुद्दाम टाच उचलत नाही, तिची असतेच उचललेली.

'स्टील' म्हणजे चोरणे हे सगळ्यांना माहीत, पण 'ही स्टोल इन्टू द गार्डन' म्हणजे तो बागेत अलगद शिरला. वस्तू काही गेली नाही. भाषांतरात या शब्दानं भलेभले फसतात.

'पुसीफूट' हा 'टिपटो अराउंड'चा खट्याळ भाऊ. मांजराच्या पावलांवरून आलेला, अर्थ गुळमुळीत बोलणं, ठाम भूमिका न घेणं. अमेरिकेत दारूबंदीचा एक कडवा कार्यकर्ता होता, विल्यम जॉन्सन. अधिकारी असताना तो मांजरासारखा गुपचूप जाऊन दारूचे अड्डे पकडायचा, म्हणून लोकांनी त्याचं नावच 'पुसीफूट' जॉन्सन पाडलं. बोलण्यात मात्र तो मुळीच गुळमुळीत नव्हता.

'वॉक ऑन एगशेल्स' म्हणजे अंड्यांच्या टरफलांवर चालणं. 'टिपटो अराउंड'शी नातं जवळचं, पण यात चालणाऱ्याचा जीव मुठीत असतो. घरात एक जण कधी भडकेल सांगता येत नाही आणि बाकीचे दिवसभर श्वास धरून असतात, ती अवस्था.

आणि एक जोडी तोडून टाका. 'ऑन माय टोज' म्हणजे सावध, तयारीत. 'द टीचर कीप्स अस ऑन अवर टोज', सर आम्हाला गाफील राहू देत नाहीत. 'टिपटोज' आणि 'टोज' एका 'टिप'नं वेगळे, अर्थ मात्र कुठल्या कुठं. हॉटेलातली टिप, उपयोगी सूचनेची टिप, यांचा या टाचेशी काही संबंध नाही, हेही एकदा सांगावं लागतं. विचारणारा दर वर्षी एक तरी निघतो.

मराठीत आणताना

अंगात मुरलेल्या शब्दाला शब्दकोशातल्या पहिल्या अर्थानं बदलायचं नाही. पहिली पायरी, टाचेचं कारण ठरवा. दुसरी, ते कारण वाक्यात आधीच सांगितलंय का बघा. इंग्रजी लेखक ते पुष्कळदा सांगत नाही, 'टिपटोड' या एका शब्दावर सोडून देतो. मराठीत तेवढ्यावर भागत नाही, कारण आपल्याकडं 'चवड्यांवर' म्हटलं की नुसता पाय दिसतो, हेतू दिसत नाही. म्हणून कधीकधी हेतू उघड करून लिहावा लागतो. सुरुवातीच्या त्या विद्यार्थ्यानं दुसऱ्या दिवशी वाक्य असं सुधारून आणलं: 'आईची झोप मोडू नये म्हणून तो चवड्यांवर चालत तिच्या उशापासून पलीकडं गेला.' मूळ सहा शब्दांचे बारा झाले, पण पोरगा पुन्हा पोरगा झाला. लांबी वाढली म्हणून कुणी नावं ठेवली तर ठेवू द्या.

हेतू दोन वाक्यं आधी आलेला असेल तर मात्र परत सांगू नका, 'अलगद', 'हलक्या पावलांनी', 'पाय न वाजवता' यांतला एखादा टाका आणि पुढं चला. 'दबक्या पावलांनी' मध्ये भीतीची छटा आहे, तेवढं ध्यानात असू द्या.

थोडा सराव

उत्तरं लगेच खाली आहेत, आधी हातानं झाकून लिहा.

फळीवरचा डबा काढायला ती चवड्यांवर उभी राहिली. 'शी स्टुड ऑन टिपटो टू रीच द टिन ऑन द शेल्फ.' इथं क्रियापद करून 'शी टिपटोड' लिहिलंत तर ती चालायला लागेल आणि डबा फळीवरच राहील.

बाळ झोळीत झोपलंय, आवाज न करता आत या. 'द बेबी इज अस्लीप, प्लीज टिपटो इन.'

मांजर ओट्यावरून चालत दुधाकडं गेलं. 'पॅडेड'. ज्यांनी 'टिपटोड' लिहिलं त्यांनी मागचा परिच्छेद परत वाचावा. मांजर दुधावर डोळा ठेवून निघालं होतं असं म्हणायचं असेल तर 'स्नीक्ड'ही चालेल, ओट्याच्या मालकिणीला विचारून.

रात्री उशिरा आलेला पोरगा वडिलांच्या खाटेजवळून आत गेला. इथं दोन उत्तरं बरोबर. वडिलांची झोप मोडू नये म्हणून असेल तर 'टिपटोड पास्ट', उशीर कळू नये म्हणून असेल तर 'स्नक पास्ट'. माझ्या वर्गात पोरांनी 'टिपटोड' लिहिलं आणि पोरींनी 'स्नक'. त्यांना आपापल्या भावांची माहिती असणार.

तिचं लग्न मोडल्याचा विषय घरात कुणी काढत नव्हतं. 'नोबडी मेन्शन्ड इट' इथवर सगळे येतात. 'द फॅमिली टिपटोड अराउंड द ब्रोकन एंगेजमेंट' असं लिहिलं की न बोलण्यामागची काळजी आपोआप येते. साखरपुडा मोडला असेल तरच 'एंगेजमेंट', बरं का. लग्न होऊन मोडलं असेल तर तिथं 'मॅरेज' घाला.

शेवटचं उलट दिशेचं: 'द होल व्हिलेज वॉज ऑन टिपटो.' यात्रेच्या दिवशी पालखी वेशीवर यायची आहे, असा संदर्भ दिला होता. कुणी लिहिलं, 'सगळं गाव चवड्यांवर उभं होतं.' कुणी लिहिलं, 'सगळं गाव आतुरतेनं वाट बघत होतं.' दोन्ही चालण्यासारखी. पण त्या पहिल्या बाकावरच्या मुलीनं लिहिलं, 'सगळं गाव माना उंचावून वेशीकडं बघत होतं.' मी विचारलं, "यात टाच कुठं गेली?"

"सर, मान उंच केली की टाच आपोआपच उचलतीय. करून बघा."

करून बघितलं. पूर्ण गुण दिले.